नवं गाणं सुरू झालं की लोक चहाला का उठतात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, सोबतची दोन गाणी हेडफोन लावून ऐकली आणि मग गणपतीतल्या कार्यक्रमाचं मोबाइलवरचं चित्रण पाहिलं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही नोकरी सांभाळून गाणी लिहिता, चालीही तुमच्याच, आणि गिटार, कीबोर्ड आणि कहोन (बसून वाजवायचा लाकडी खोका) असे तिघे मिळून कार्यक्रम करता. यूट्यूबवर गाण्यांचं कौतुक होतं. मंचावर मात्र जुनी गाणी गायलीत की टाळ्या, आणि ‘आता आमचं एक नवीन गाणं’ म्हटलं की मोबाइल बाहेर येतात, मागच्या रांगा चहाला उठतात. दोष गाण्याचा की श्रोत्यांचा, आणि आता नुसती जुनीच गाणी गायची का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एक बारका प्रश्नही आहे, मोबाइलमध्ये शब्द बघून गायलं तर चालतं का. त्याच्याकडे शेवटी येतो.

मी २८ वर्षं कीबोर्ड वाजवतोय. सुरुवात ऑर्केस्ट्रात झाली, मग भावगीतांचे कार्यक्रम, आता बरंचसं काम संगीत संयोजनाचं, म्हणजे कुठलं वाद्य कुठे वाजेल ते ठरवण्याचं. मंचावर नवं गाणं पडताना मी इतक्या वेळा पाहिलंय की पहिल्या अंतऱ्यालाच मला खुर्च्यांचा आवाज ऐकू यायला लागतो. पडलेल्या गाण्यांतल्या चारपाच चाली माझ्याच होत्या, त्यामुळे जे सांगतोय ते तुमच्याच बाकावर बसून.

आधी चित्रणाबद्दल. गाणं सुरू होतं ते ४८ सेकंदांच्या गिटारने. मी घड्याळ लावून पाहिलं. मग तुमचा आवाज येतो तो खाली मंद्रात, आणि त्याच वेळी तुमचा कीबोर्डवाला मित्र त्याच पट्टीत दोन्ही हातांनी स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनसारखे लांब सूर, धरून बसलाय. पहिल्या दोन ओळींतला एक शब्द मला कळला, तोही मी गाणं आधी ऐकलेलं होतं म्हणून. त्या मंडपातल्या माणसांनी तुमचं गाणं नाकारलेलं नाही. त्यांना ते ऐकूच आलेलं नाही.

यूट्यूबवरचा माणूस गाणं मागे नेऊन परत ऐकतो, खाली लिहिलेले शब्द वाचतो, आवडलं तर रात्री पुन्हा लावतो. मंडपातल्या माणसाला ते एकदाच मिळतं. मागे गाड्यांचे हॉर्न, शेजारी कुणाचं तरी पोर रडतंय, पुढच्या रांगेत उशिरा आलेल्या पाहुण्यांचा सत्कार चाललाय, आणि त्यातून जे कानावर पडेल तेवढंच गाणं. रेकॉर्डिंगसाठी बांधलेलं गाणं जसंच्या तसं तिथे नेलं की ते पडतं. म्हणून तुमचा प्रश्न मी माझ्यापुरता असा बदलून घेतला: जे गाणं माणूस एकदाच ऐकणार आहे, ते त्याच्यापर्यंत पोचावं म्हणून लिहिताना, चाल लावताना आणि वाजवताना काय करावं?

यात जागेवर पुष्कळ अवलंबून असतं. तिकीट काढून हॉलमध्ये आलेला माणूस दोन तास द्यायची तयारी करून येतो, त्याच्यापुढे तुम्ही धोका पत्करू शकता. फुकटच्या मंडपातला माणूस येता-जाता थांबलेला असतो. आणि लग्नाच्या रिसेप्शनला, जिथे लोक हातात ताट घेऊन उभे असतात, तिथे स्वतःचं नवं गाणं गाऊच नका. तिथे तुम्हाला नुसतं वाजवायला बोलावलेलं असतं, ऐकवायला नव्हे. हे मला दहा वर्षांनी कळलं. तुम्ही आजच कळून घ्या.

आता श्रोत्यांबद्दलची तुमची तक्रार. ‘लोकांना ओळखीचंच हवं असतं’ हे खरं आहे, पण अर्धंच. ज्या गणेशोत्सवाला तुम्ही नावं ठेवताय, त्याच उत्सवात पूर्वी मेळे, म्हणजे पदं गाणारी पथकं, असत आणि त्यांची पदं दरवर्षी नवी, त्या वर्षीच्या घडामोडींवर रचलेली असत. गजाननराव वाटवे पुण्यातल्या चौकांत काव्यगायन करायचे तेव्हा रस्ता भरून माणसं बसायची, आणि ऐकायची काय, तर कविता! लोककवी वामनदादा कर्डक वस्त्यावस्त्यांतून आपली नवी गाणी घेऊन फिरले. आजही १४ एप्रिल जवळ आला की नवी भीमगीतं येतात आणि लोक ती उचलतात. म्हणजे नवं गाणं पहिल्यांदा ऐकून डोक्यावर घेणारा श्रोता महाराष्ट्रात होता आणि आहे. त्या लोकांना नवं गाणं पोचवायची युक्ती ठाऊक होती.

ती युक्ती सांगतो, कारण तुम्ही नेमका तिच्याच विरुद्ध अभिमान धरलाय. ‘मुखडा परत परत आणणं मला स्वस्त वाटतं, म्हणून माझ्या गाण्यात पुनरावृत्ती जवळपास नाही,’ असं तुम्ही लिहिलंय.

जरा शाहिरीकडे बघा. शाहीर ओळ म्हणतो आणि मागचे झीलकरी तिचं शेपूट उचलून धरतात. लाउडस्पीकर नव्हते तेव्हा जत्रेतल्या मागच्या माणसाला जो शब्द शाहिराच्या तोंडून निसटला तो झीलकऱ्यांकडून मिळायचा, आणि तेवढ्यात शाहीर श्वास घेऊन पुढच्या ओळीला तयार. कीर्तनात टाळकरी ध्रुवपद धरतात ते त्याचसाठी. बुवा निरूपणात कितीही लांब गेले तरी ध्रुवपद आलं की सगळा मांडव एका जागी येतो. गझल गाणारे, भीमराव पांचाळे यांच्या मैफली आठवा, शेराची पहिली ओळ निरनिराळ्या जागा घेत दोनतीनदा म्हणतात आणि दुसरी राखून ठेवतात. ती आली आणि शेवटी रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या अखेरीस परत येणारा शब्द, पडला की ऐकणाऱ्याला आपणच तो ओळखल्याचा आनंद होतो. ‘वाहवा’ त्या आनंदाची असते. नाटकातला वन्स मोअरही मुळात परत ऐकायची सोयच होती. तेव्हा घरोघरी तबकड्या कुठे होत्या?

या सगळ्यांनी परत ऐकण्याची सोय गाण्याच्या आतच करून ठेवली. तुमच्या गाण्यात मुखडा सुरुवातीला एकदा येतो आणि थेट शेवटी एकदा. मध्ये तीन कडवी, प्रत्येकाची चाल वेगळी. घरी ऐकताना ते श्रीमंत वाटतं, मलाही वाटलं. मंडपात मात्र ऐकणाऱ्याला धरायला काहीच सापडत नाही. सुरुवातीला मुखडा दोनदा घ्या, प्रत्येक अंतऱ्याला क्रॉस लाइन द्या म्हणजे परत मुखड्यावर यायला वाट मिळते, आणि शेवटी पुन्हा दोनदा. तीन अंतऱ्यांच्या गाण्यात तो सातएक वेळा कानावर पडला तरी कुणी कंटाळत नाही, एका अटीवर. ती अट लिहिणाऱ्याची आहे: प्रत्येक अंतऱ्यानंतर मुखडा थोडा वेगळा वाटला पाहिजे. शब्द तेच, वजन बदललेलं.

माझंच एक फसलेलं गाणं घेऊ. एका कवी मित्राने ओळ दिली होती, ‘दिवा नको विझवू’. पहिल्या अंतऱ्यात परीक्षेला बसलेला मुलगा रात्री अभ्यास करतोय, दुसऱ्यात रात्रपाळीला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई आहे, तिसऱ्यात आजारी आईच्या उशाशी बसलेली मुलगी. ओळ तीच, पण तिसऱ्यांदा येते तेव्हा अंगावर काटा यावा अशी. रचना बिनचूक होती, घाण केली ती मी. केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, चाल बसवताना ‘दिवा नको’वर सम (आवर्तनाची पहिली मात्रा) दिली, तिथे दोन मात्रा थांबलो, एक छान बासरीची जागा टाकली, आणि मग ‘विझवू’. तालमीत सगळे खूश. एका तालुक्याच्या गावी कार्यक्रम झाल्यावर पुढच्या रांगेतल्या एक आजी भेटल्या. म्हणाल्या, “गाणं गोड होतं रे, पण तो दिवा विझवायला का निघाला होता?”

म्हणून बघा मोठ्याने: ‘दिवा नको…’ मध्ये बासरी, मग ‘विझवू’. दिवा नको, विझवू या! तिन्ही अंतरे आजींनी ‘विझवू या’च्या अंगाने ऐकले, आणि आईच्या उशाशी बसलेली मुलगी दिवा मालवायला निघाली म्हटल्यावर बिचाऱ्यांना ते गाणं भलतंच वाटलं. कागदावर ओळ एका नजरेत दिसते म्हणून आम्हाला कुणालाच हे खटकलं नव्हतं. कानाला ती तुकड्यातुकड्याने मिळते.

दुरुस्ती फार सोपी निघाली. कवीने शब्द फिरवून दिले: ‘विझवू नको दिवा’. आता ‘नको’वर कितीही थांबा, अर्थ हलत नाही. आणखी एक फायदा मला वाजवताना कळला. आधी ओळ ‘ऊ’वर संपत होती. ‘ऊ’ म्हणताना ओठ मिटत येतात, वरच्या सुरावर तो लांबवला की आवाज कोंडतो. आता ती ‘दिवा’च्या ‘आ’वर संपते. गायिकेने तोंड उघडून तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लावला आणि पहिल्यांदाच तो हॉलच्या शेवटपर्यंत गेला. तेव्हापासून नवं गाणं हातात आलं की मी दोन गोष्टी बघतो, ओळ कुठे तुटतेय आणि लांबवायच्या सुरावर कोणता स्वर आलाय. तुमच्या दुसऱ्या गाण्यात सगळ्यात उंच जागेवर ‘मिठी’ हा शब्द आलाय. ‘ई’ तिथे किंचाळल्यासारखी लागते, रेकॉर्डिंगमध्येही जाणवते. शब्द बदला किंवा सूर खाली आणा.

शब्द बदलायचा विषय निघालाच आहे तर, ‘अस्तित्वाच्या क्षितिजावरती’ ही ओळ द्रुत केरव्यात कुणाच्याही कानात शिरणार नाही. स्त, त्व, च्या, क्ष अशी एकापाठोपाठ जोडाक्षरं आहेत, आणि मात्रा तुम्ही अर्ध्या अर्ध्या दिल्यात. संथ दादऱ्यात कदाचित चाललं असतं. तसंही क्षितिज आणि काहूर या दोन शब्दांना मराठी गीतकारांनी पाचएक वर्षं रजा द्यावी असं माझं वैयक्तिक मत आहे. ते सोडून द्या.

आता पट्टी. तुमची गाणी तुम्ही रात्री खोलीत, माइकला ओठ लावून, हळू आवाजात रेकॉर्ड केलीत ना? ऐकू येतंय तसं. तो कुजबुजता आवाज हेडफोनवर कानाशी बोलल्यासारखा छान वाटतो. मंचावर तोच आवाज लोकांपर्यंत न्यायला साउंडवाल्याला फेडर (आवाज वाढवायची सरकपट्टी) वर सारावा लागतो, मग मॉनिटरमधला, म्हणजे गायकाकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधला, आवाज माइकमध्ये परत घुसतो आणि माइक शिट्टी मारतो. तो घाबरून फेडर खाली घेतो आणि तुम्ही गायब होता. चित्रणात नेमकं हेच तीनदा झालंय. गाणं हार्मोनियमच्या काळी एक या पट्टीत बांधलं असेल तर मंचासाठी पांढरी दोन किंवा काळी दोन करून बघा. अर्धा-एक सूर वर गेलात की छातीतून गावं लागतं, आणि मुखड्याची पहिली ओळही जरा वर येते. वरच्या जागा झेपत नसतील तर चालीतली ती एक जागा बदला, पण मुखडा मंद्रात सुरू करू नका. पहिली ओळ निसटली की पुढच्या तीन ओळी लोक ‘हे काय चाललंय’ हे शोधण्यात घालवतात.

तुमच्या कीबोर्डवाल्या मित्रालाही एक निरोप द्या. मी त्याच्या वयाचा असताना माझी दहाही बोटं सतत पट्ट्यांवर असायची, पैसे दहा बोटांचे मिळतात असं वाटायचं. एका ज्येष्ठ संयोजकांनी मला तालमीत बाजूला घेऊन सांगितलं, “गायक श्वास घेतो तेवढ्यात तुझं काय ते उरकून घे.” शब्द चालू असताना डाव्या हाताचा एखादा सूर आणि तोही हलका. ओळ संपली की फिलर, म्हणजे मधली जागा भरणारा छोटा तुकडा. गिटारही शब्दांखाली सगळ्या तारा झोडत राहिली की व्यंजनं मरतात, आणि मराठी शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवर. ‘पान’, ‘कान’, ‘मान’ यातला फरक त्या एका क्षणात असतो. तो झाकला गेला की नुसता ‘आन’ उरतो.

‘इको’ हा आपल्याकडच्या गायकांचा लाडका रोग. माइक हातात आला की पहिलं वाक्य, ‘दादा, इको वाढवा जरा’. स्वतःचा आवाज गोड वाटतो हे खरं, पण हॉलला स्वतःचा घुमारा असतोच, त्यावर तुमचा इको चढला की एका शब्दाचं शेपूट दुसऱ्यावर पडतं. रिकाम्या हॉलमध्ये साउंड चेक करताना घुमारा जास्त असतो, माणसं बसली की आवाज कोरडा होतो. मोकळ्या मैदानावर घुमारा नसतो, पण तिथे वेगळी भानगड. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागे बसलेल्याला तुमचा शब्द सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो. मध्येच एखाद्या खांबावर बांधलेला कर्णा तोच शब्द आधी ऐकवतो, मग मंचावरून तो परत येतो. मोठे साउंडवाले मागच्या स्पीकरना तेवढा उशीर लावून देतात. मंडळाच्या साउंडवाल्याकडून ती अपेक्षा ठेवू नका, शब्दांची गती कमी ठेवा. आणि त्याला कार्यक्रमाआधी चहा पाजा, गाण्यांची यादी द्या, नवी गाणी कोणती ते खूण करून द्या. तो पूर्ण कार्यक्रमात तुमच्यासाठी जे करू शकतो ते तुमच्या गिटारच्या महागड्या पेडलला जमणार नाही.

४८ सेकंदांचं ते सुरुवातीचं म्युझिक कापा. पूर्वी ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्यात मुखडा, अंतरे, मधलं म्युझिक सगळं बसवायचं म्हणजे संगीतकाराला सुरुवात आटपशीर ठेवावी लागायची. अडचणीतून आलेली ती सवय मंचाला फार मानवते. केरव्याची चार आवर्तनं पुरे. सूर समजला, लय समजली, या आत. तुमचा गिटारचा तुकडा खरोखर सुंदर आहे, तो दुसऱ्या अंतऱ्याआधी घ्या. तोवर लोक गाण्यात आलेले असतील.

आता कार्यक्रमात गाणं कुठे ठेवायचं. पहिलं कधीच नको. पहिल्या गाण्याला लोक बसत असतात, साउंडवाला आवाज शोधत असतो, तुमचाही घसा उघडलेला नसतो. शेवटी ठेवण्यातही धोका, कारण रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद. गणपती-नवरात्रातल्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत सूट असते, एरवी पावणेदहाला मंडळाचे कार्यकर्ते घड्याळ दाखवायला लागतात आणि पहिली कात्री लागते ती नव्या गाण्याला. मी सहसा तिसरं किंवा चौथं ठेवतो. आधीचं गाणं ओळखीचं, मध्यम लयीचं आणि शक्य झालं तर त्याच पट्टीतलं. टाळ्या ओसरायच्या आत नव्याचा सूर सुरू करायचा. माणसं नाचायला उठतील असं गाणं संपवून लगेच तुमचं हळवं गाणं घेतलंत, तसं त्या दिवशी तुम्ही केलंत, तर ते जगणं कठीण. अनोळखी गावात दोन तासांत, म्हणजे चौदा-पंधरा गाण्यांत, स्वतःची तीन पुरे. तुमच्याकडे आठ आहेत हे मला माहीत आहे. बाकीची पाच पुढच्या वेळी त्याच गावाला.

आधी किती बोलावं? संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी २००३ मध्ये ‘आयुष्यावर बोलू काही’ सुरू केलं तेव्हा गाणी नवीच होती. कविता, गप्पा आणि गाणं एकमेकांत असं गुंफलं की नवखेपणा जाणवू नये. ते बघून पुढे प्रत्येकाला वाटलं की आपणही बोलावं. पण गप्पा मारता येणं ही वेगळी कला आहे, ती गाण्याबरोबर फुकट येत नाही. चित्रणात तुम्ही साडेतीन मिनिटं बोललात, गाणं कसं सुचलं, कोणत्या पावसात सुचलं, तेव्हा तुमची मनःस्थिती काय होती. पहिल्याच मिनिटात मागून कुणीतरी ‘गाणं म्हणा की’ ओरडलंय, ते तुम्हाला मंचावर ऐकू आलं नसणार.

माझा उपाय साधा आहे. वाद्यं गप्प ठेवायची आणि मुखड्याच्या दोन ओळी नुसत्या बोलायच्या. कवितावाचनाच्या आवाजात नको, घरात बहिणीला सांगाल तशा. मग लगेच सूर. लोकांना मुखडा गाण्याआधीच एकदा मिळालेला असतो, सुरात आला की तो ओळखीचा निघतो. पाहा, ‘नवीन गाणं’ हे शब्दसुद्धा तोंडातून काढायची गरज नाही. ते शब्द म्हणजे चहाची घंटा.

एक मात्र सांगा, गीत कुणाचं, संगीत कुणाचं. तुमचं असेल तर तुमचं, आणि जुन्या गाण्यांच्या वेळीही. आपल्या ऑर्केस्ट्रांत पडद्यावरच्या नटाचं नाव घेतात आणि ज्याने ओळ लिहिली तो राहून जातो. स्वतः लिहिणाऱ्याने तरी ही चूक करू नये.

राहिला प्रश्न नुसती जुनी गाणी गाण्याचा. जुन्या गाण्याला टाळी पडते तेव्हा त्या टाळीत चाळीस-पन्नास वर्षांचं ऐकणं असतं. गीतरामायणाचं बघा. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं वर्षभर ऐकवली गेली. पुढे बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, ती मंचावरून गाऊ लागले तेव्हा समोरच्या माणसाला ती रेडिओवरून आधीच भेटलेली होती. ग. दि. माडगूळकरांसारखा कवी, सुधीर फडक्यांसारखा संगीतकार-गायक, आणि वर हे वर्षभराचं ऐकणं! त्या टाळीशी तुमच्या पहिल्यांदा म्हटलेल्या गाण्याची टाळी ताडून बघणं मला पटत नाही. तुमच्या गाण्याची खरी तुलना त्याच गाण्याच्या दुसऱ्या वेळच्या टाळीशी. म्हणून म्हणतो, एकाच गावात, एकाच मंडळात वर्षभराने परत जा आणि तेच गाणं परत म्हणा. आमचं ‘विझवू नको दिवा’ दुरुस्त झाल्यावर त्याच तालुक्याच्या गावी पुन्हा म्हटलं. आजी आल्या नव्हत्या, पण मागच्या खुर्च्यांवरच्या दोनतीन बायका ‘दिवा’च्या ‘आ’ला गायिकेबरोबर होत्या. टाळ्या जेमतेमच पडल्या. मला त्या तिघींचा ‘आ’ पुरला.

जुनी गाणी सोडू नका. दर महिन्याला एक जुनं भावगीत घेऊन वहीत उतरवा आणि मुखडा किती वेळा येतो, ओळ कुठे तुटते, उंच जागेवर कोणता स्वर येतो ते खुणा करून बघा. गाण्यासाठी तर घ्याच, शिकण्यासाठी जास्त घ्या.

हे सगळं एकाच कार्यक्रमात करायला जाऊ नका. आधी फक्त म्युझिक कापा, पट्टी वर न्या आणि मुखडा वाढवा. या तिन्हींसाठी कुणाची परवानगी लागत नाही. शब्दांची दुरुस्ती सावकाश, कारण ती जिवावर येते.

आता मोबाइल. जुनं गाणं स्टँडवर मोबाइल ठेवून गायलंत तर लोक चालवून घेतात. स्वतः लिहिलेलं गाणं मोबाइलमध्ये बघून गाणाऱ्याकडे बघून मात्र समोरचाही आपला मोबाइल काढतो, आणि त्याला बोलायला तुम्हाला तोंड राहत नाही. शिवाय नजर खाली गेली की मान झुकते, तोंड माइकच्या रेषेतून सरकतं आणि ओळीचा शेवट उडतो. चित्रणात बघा, तिसऱ्या कडव्यात प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर गेलंय. पाठ होत नसेल तर हाताने चारदा लिहून काढा. चौथ्यांदा लिहितानाही जी ओळ आठवत नाही तिच्यावर पेन्सिलने खूण करा. बहुतेक वेळा ती ओळच बदलायची असते.